ट्यूब गिटार अँप डिझाइनचं पुस्तक घ्यायचंय? आधी त्यातली एक स्टेज उघडून बघा

ट्यूब गिटार अँप स्वतः बनवायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच पडतो, पुस्तक कुठलं घेऊ. विचारलं की लोक पटापट नावं सांगतात, पण पुस्तक पारखायचं कसं हे फारसं कुणी सांगत नाही, आणि खरी गरज पारखायचीच आहे. ह्या विषयावर पुस्तकं बरीच आहेत, दिसायला देखणीही आहेत, पण डिझाइन शिकवणारी त्यात मोजकीच. बाकीची इतिहास सांगतात, कुठलं मॉडेल कधी आलं आणि त्याला कुठल्या रंगाचं कापड होतं ते सांगतात, नाहीतर तयार सर्किट हातात देऊन हे असं असं जोडा म्हणून मोकळी होतात. तीही वाचायला मजा येते, माझ्याकडेही आहेत, पण ती वाचून डिझाइन येत नाही.

माझं पहिलं पुस्तक तसलंच होतं. मोठे रंगीत फोटो, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते त्याचा नीट लेआउट, त्यावरून मी दोन ईएल८४ पॉवर ट्यूबचं एक छोटं अँप बनवलं आणि ते पहिल्या झटक्यात वाजलं. चार-पाच महिन्यांनी एक दिवस वाजवता वाजवता आवाज फाटायला लागला म्हणून मागे वाकून बघितलं तर एका ईएल८४ ची प्लेट लाल झालेली, आतला तो राखाडी पत्रा निखाऱ्यासारखा दिसत होता. लगेच बंद केलं, पुस्तक काढलं, तर अख्ख्या पुस्तकात ह्याच्याबद्दल एक ओळ नाही. ट्यूब बदलून बघितली, नवीसुद्धा लाल. रेझिस्टर तपासले, सोल्डरिंग परत केलं, घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. शेवटी कुणीतरी सांगितलं की ट्यूब काढून ठेव आणि ग्रिडच्या, म्हणजे सिग्नल ट्यूबमध्ये जिथे शिरतो आणि करंट कमी-जास्त करतो त्या पिनवर किती व्होल्ट येतात ते बघ. तिथे शून्य असायला पाहिजे, मला दिसले ९. आधीच्या स्टेजला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आधीच्या टप्प्याला, जोडणारा कपॅसिटर गळत होता, तिथल्या प्लेटचा डीसी पुढच्या ग्रिडवर येत होता, ग्रिड पॉझिटिव्ह झालं की करंट वाढणार आणि प्लेट तापणार, एवढी सरळ गोष्ट. कपॅसिटर बदलायला दहा मिनिटं लागली, तिथपर्यंत पोचायला तीन आठवडे. का, तर पुस्तकाने ग्रिडला काय जोडायचं ते सांगितलं होतं, पण ग्रिडवर किती व्होल्ट असले पाहिजेत आणि का, ते सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी कुठलंही पुस्तक हातात घेतलं की एकच गोष्ट शोधतो, प्रत्येक पार्टच्या किमतीमागचं कारण त्यात आहे का. हे बघायला अख्खं पुस्तक वाचावं लागत नाही, एक स्टेज पुरते.

गिटार अँपमधली सगळ्यात ओळखीची स्टेज घ्या. १२एएक्स७ ह्या प्रीअँप ट्यूबचा एक अर्धा भाग, प्लेटला १०० किलोओम, कॅथोडला (इलेक्ट्रॉन जिथून निघतात ते टोक) १.५ किलोओम आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. जुन्या अमेरिकन अँपमध्ये, त्यावरून बनलेल्या ब्रिटिश अँपमध्ये आणि आजच्या किटमध्येही हेच आकडे सारखे दिसतात. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत ही स्टेज कुठे शिकवलीय ते बघा आणि सरळ तेच पान उघडा. लायब्ररीत असाल तर तिथे उभ्या उभ्या, नाहीतर नमुन्याची पानं बघायला मिळत असतील तर ती. त्या प्रकरणात लोड लाइन काढून दाखवलीय का? लोड लाइन म्हणजे ट्यूबच्या डेटाशीटमधल्या ग्राफवर मारलेली एक तिरकी रेघ. सप्लाय ३०० व्होल्ट धरला तर रेघेचं एक टोक आडव्या अक्षावर ३०० व्होल्टला, कारण ट्यूब पूर्ण बंद असेल तर करंट नाही आणि सगळे व्होल्ट प्लेटवर, आणि दुसरं टोक उभ्या अक्षावर ३ मिलिअँपिअरला, कारण सगळे ३०० व्होल्ट १०० किलोओमवर पडले तर तेवढाच करंट जाणार. मग १.५ किलोओमच्या कॅथोड रेझिस्टरची दुसरी रेघ. दोन्ही जिथे भेटतात तिथे ट्यूब निवांत बसते, ह्या उदाहरणात साधारण १ मिलिअँपिअर, प्लेटवर २०० व्होल्टच्या आसपास, कॅथोडवर दीड व्होल्ट. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने कागदावर केला ना, की उघड्या अँपमध्ये मीटर लावल्यावर जो आकडा दिसतो तो बरोबर आहे का चुकीचा हे तुमचं तुम्हालाच कळतं. माझ्या लाल प्लेटच्या वेळी मला नेमकं हेच येत नव्हतं.

लोड लाइन सापडली की पुढची पायरी, गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्याचा हिशोब आहे का. डेटाशीटमध्ये २५० व्होल्टला १२एएक्स७ चा अँप्लिफिकेशन फॅक्टर १०० आणि आतला प्लेट रेझिस्टन्स ६२.५ किलोओम दिलाय. ते घेऊन गणित केलं तर ह्या स्टेजचा गेन ६१ च्या आसपास येतो, आणि कॅथोडचा कपॅसिटर काढून टाकला तर ३२ च्या आसपास. चांगलं पुस्तक इथे थांबत नाही. ते पुढे विचारायला लावतं की २५ मायक्रोफॅरड का, कमी लावला तर काय. काही प्रसिद्ध ब्रिटिश सर्किटमध्ये तिथे २.७ किलोओम आणि फक्त ०.६८ मायक्रोफॅरड आहे. हिशोब केला की दिसतं, गेन साधारण ९० हर्ट्झपासून चढायला लागतो आणि २३० च्या पुढे पूर्ण मिळतो. गिटारच्या सगळ्यात जाड ई तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा, म्हणजे त्याला ह्या वाढीतला थोडाच वाटा मिळतो आणि वरच्या स्वरांना सगळा. डिस्टॉर्शन वाढवल्यावर खालचे स्वर चिखलासारखे होत नाहीत त्यातलं एक कारण हे. हे एकदा समजलं की तुम्ही तुमच्या पिकअपप्रमाणे, तुमच्या वाजवण्याप्रमाणे तो कपॅसिटर निवडू शकता. आणि ज्या पुस्तकात नुसतं लिहिलंय की अमुक कपॅसिटर लावल्याने आवाज गोड आणि क्रीमी होतो, किती हर्ट्झला काय होतं त्याचा पत्ता नाही, ते ठेवून द्या. गोड आणि क्रीमी हे शब्द वाईट नाहीत, आपणही ते वापरतो, पण त्यावरून पुढचा कपॅसिटर निवडता येत नाही.

आता एक मोठा मुद्दा, आणि इथे चांगली चांगली माणसंही फसतात. ट्यूब अँपवरची काही अतिशय उत्तम पुस्तकं हायफायसाठी लिहिलेली आहेत. मॉर्गन जोन्स यांचं व्हॉल्व्ह अँप्लिफायर्स हे त्यातलं नावाजलेलं, १९९५ साली पहिल्यांदा आलं आणि नंतर त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. पुस्तक भक्कम आहे, त्यातून शिकण्यासारखं खूप आहे, पण हायफायवाल्याचं ध्येय डिस्टॉर्शन टाळायचं असतं आणि गिटारवाल्याला ते हवं असतं, नुसतं हवं नाही तर विशिष्ट प्रकारचं हवं असतं. त्यामुळे हायफायच्या पुस्तकात स्टेज जिथपर्यंत स्वच्छ चालते तिथपर्यंतच चर्चा जाते, आणि आपलं काम तिथून पुढे सुरू होतं.

म्हणून पुस्तकात हे शोधा, की ग्रिड पॉझिटिव्ह गेल्यावर काय होतं ते सांगितलंय का. होतं असं, की सिग्नल मोठा झाला की ग्रिड कॅथोडच्या वर जातं, ग्रिडमधून करंट वाहायला लागतो आणि आधीच्या स्टेजचा कपलिंग कपॅसिटर त्या करंटने चार्ज होऊन बसतो. नोट संपली तरी कपॅसिटरवरचा चार्ज लगेच जात नाही, तो ग्रिड लीक रेझिस्टरमधून (ग्रिडपासून ग्राउंडला जाणारा) हळूहळू उतरतो आणि तोपर्यंत ती ट्यूब अर्धवट बंद. ऐकायला कसं येतं, तर जोरात कॉर्ड मारली की पहिल्यांदा फस्सकन फाटतं, मग आवाज गुदमरल्यासारखा होतो आणि मग परत वर येतो. ह्याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात. कपॅसिटर १०० नॅनोफॅरड आणि लीक २२० किलोओम असेल तर टाइम कॉन्स्टंट २२ मिलिसेकंद, तोच कपॅसिटर २२ नॅनोफॅरड केला तर ५ मिलिसेकंदापेक्षाही कमी. एवढ्या फरकाने अँप बोटाखाली वेगळं वाटायला लागतं, खरंच. ग्रिडला सिरीजमध्ये मोठा रेझिस्टर टाकला तर अजून फरक पडतो. गिटारसाठी म्हणून लिहिलेल्या पुस्तकात हा विषय नसेल तर ते गिटारचं पुस्तक नव्हे, माझं ठाम मत आहे.

ह्याच धर्तीवर अजून दोन-तीन प्रश्न मी कायम मनात घेऊन जातो. इनपुटला ग्रिडच्या आधी ६८ किलोओम का असतो? ह्याचं उत्तर मिलर इफेक्टमधून येतं, ट्यूबच्या ग्रिड आणि प्लेटमधली १.७ पिकोफॅरडची चिमुकली कपॅसिटी गेनमुळे शंभरेक पिकोफॅरड होऊन समोर येते, आणि ६८ किलोओमबरोबर ती २० किलोहर्ट्झच्या आसपास फिल्टर बनवते, म्हणून गिटार ऐकू येते पण रेडिओ स्टेशन ऐकू येत नाही. दुसरा प्रश्न, फेज इन्व्हर्टरच्या (सिग्नलच्या एकमेकींच्या उलट अशा दोन प्रती बनवणारी स्टेज) दोन प्लेटला ८२ आणि १०० असे वेगवेगळे किलोओम का? कारण लाँग टेल्ड पेअर ह्या दोन ट्रायोडच्या जोडणीमध्ये ज्या ट्रायोडच्या ग्रिडला सिग्नल मिळतो त्याचा गेन दुसऱ्यापेक्षा जरा जास्त पडतो, त्याला ८२ लावून दोन्ही बाजू जवळ आणतात. तिसरा, काही हाय गेन सर्किटमध्ये एका स्टेजला कॅथोडवर चक्क १० किलोओम असतो आणि बायपास कपॅसिटर नसतो, तो का? ट्यूब मुद्दाम जवळजवळ बंद ठेवलीय, म्हणजे लाटेची एक बाजू लवकर कापली जाते आणि दुसरी उशिरा. ज्या पुस्तकात ह्या तिन्हींची कारणं आकड्यांसकट मिळतात ते घ्यायला हरकत नाही, बाकी काही बघायची गरजसुद्धा कमी उरते.

पॉवर अँपच्या प्रकरणाला मी वेगळी परीक्षा लावतो. व्हॉक्स एसी३० बद्दल पुस्तक काय म्हणतं ते बघा. चार ईएल८४, कॅथोड बायस, निगेटिव्ह फीडबॅक नाही, आणि सगळीकडे लिहिलेलं असतं की हे क्लास ए अँप आहे, म्हणजे ट्यूबमधून पूर्ण लाटभर करंट वाहतो. आता ईएल८४ ची प्लेट डिसिपेशनची मर्यादा १२ वॅट, चार ट्यूब म्हणजे ४८ वॅट. शुद्ध क्लास ए ची कार्यक्षमता अगदी कागदावरसुद्धा ५० टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे मर्यादेत राहून जास्तीत जास्त २४ वॅट निघतील. मग ३० वॅट आले कुठून? म्हणजे पूर्ण आवाजाला ते क्लास एबी मध्येच जातं, लाटेच्या काही भागात ट्यूब बंद असते. ज्या लेखकाने हा साधा गुणाकार केलाय तो बाकीच्या गोष्टीही तपासून लिहितो असा माझा अनुभव आहे, आणि ज्याने न तपासता क्लास ए ची गोडी गायलीय त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी भरवसा ठेवत नाही.

बायसचंही, म्हणजे ट्यूब निवांत असताना किती करंट वाहील ते ठरवण्याचंही तसंच. फिक्स्ड बायसला ७० टक्के हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. ईएल३४ ची मर्यादा २५ वॅट, तिचे ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर ३९ मिलिअँपिअर. इथपर्यंत कुठलंही पुस्तक येतं. चांगलं पुस्तक पुढे दोन गोष्टी सांगतं. एक म्हणजे ७० टक्के ही वरची सुरक्षित हद्द समजायची, तिथेच बसवायचं असं कुठे लिहिलेलं नाही, कमीवर आवाज आवडला तर कमीवर ठेवा. दुसरं, कॅथोडला १ ओम लावून जो करंट मोजतो त्यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या ग्रिडचा) करंटही मिसळलेला असतो, तो वजा करायचा असतो.

आणि ट्यूबचं नाव पूर्ण वाचा, पुस्तकात आणि ट्यूबवर पण. ६एल६ ही १९३६ ची, तिची प्लेटची मर्यादा १९ वॅट, नंतर आलेल्या ६एल६जीसी ची ३० वॅट. जुन्या पुस्तकातले आकडे नव्या ट्यूबला लावले तर अँप उगाच थंड चालतं, उलट केलं तर ट्यूब जाते.

पॉवर सप्लायचं प्रकरण लोक चाळून सोडून देतात, तसं करू नका. किती पानं दिलीत तेच बघा आधी. जिथे प्रीअँपला शंभर पानं आणि पॉवर सप्लायला चार, तिथे काहीतरी गडबड आहे, कारण अँपमधला हम, अँपची दाबून वाजवल्यावर येणारी ती दबल्यासारखी फील, आणि जिवाला असलेला धोका, तिन्ही ह्याच भागातून येतात. ट्रान्सफॉर्मरचे ३०० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर लोड नसताना ४२४ व्होल्ट डीसी होतात हे पुस्तकात समजावलेलं पाहिजे. ट्यूब रेक्टिफायरच्या पुढे वाटेल तेवढा मोठा कपॅसिटर लावता येत नाही हेही पाहिजे. जीझेड३४ च्या डेटाशीटला पहिल्या कपॅसिटरची मर्यादा ६० मायक्रोफॅरड दिलेली आहे, तिथे हम कमी करायचा म्हणून २२० लावणारे लोक मी बघितलेत आणि रेक्टिफायरमध्ये ठिणग्या उडताना पण बघितल्यात.

सेफ्टीबद्दल जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सुरुवातीला एक लाल चौकट असते, हे व्होल्टेज जीवघेणं आहे वगैरे. ते खरंच आहे. पण चौकट असणं आणि सेफ्टी शिकवणं ह्यात फरक आहे. शिकवणं म्हणजे काय ते सांगतो. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४५० व्होल्टला चार्ज असेल तर त्यात ५ जूल एनर्जी असते, आणि वायर काढून ठेवली तरी ती तिथेच बसून राहू शकते. त्याला समांतर २२० किलोओमचा ब्लीडर रेझिस्टर लावला तर टाइम कॉन्स्टंट ११ सेकंद, व्होल्टेज ५० च्या खाली यायला साधारण २४ सेकंद. त्या रेझिस्टरमध्ये चालू असताना जवळजवळ १ वॅट जळतो, म्हणून तो २ वॅटचा किंवा त्याहून मोठा घ्यायचा, आणि रेझिस्टरची व्होल्टेजची मर्यादाही बघायची. आणि हे सगळं असूनसुद्धा हात घालण्याआधी मीटर लावून बघायचंच, कारण ब्लीडर तुटलेलाही असू शकतो. पुस्तक हे असं, कामाच्या ओघात, प्रत्येक मोजमापाच्या आधी सांगत असेल तर ते लिहिणाऱ्याने स्वतः अँप उघडलेत. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब लावायचा, ट्यूब न लावता आधी हीटरचे आणि सप्लायचे व्होल्ट तपासायचे, अशी क्रमाने पायरी दिलीय का तेही बघा. कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून उतरवा असं जिथे लिहिलंय ते पुस्तक बंद करून जागेवर ठेवा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल फार खोल गेलेलं नसलं तरी चालेल, तो बहुतेक आपण स्वतः गुंडाळत नाही, विकतच घेतो. एवढं कळलं पाहिजे की ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा असा काही इम्पीडन्स नसतो, तो फक्त गुणोत्तर बदलतो. ८ किलोओम ते ८ ओम म्हणजे इम्पीडन्सचं गुणोत्तर १०००, वेढ्यांचं त्याच्या वर्गमुळाएवढं, साधारण ३१.६. त्याच टॅपला ४ ओमचा स्पीकर लावला तर ट्यूबला ४ किलोओम दिसणार.

भाषेची एक अडचण सगळ्यांना येते. अमेरिकन पुस्तक ट्यूब म्हणतं, ब्रिटिश पुस्तक व्हॉल्व्ह. एकाची प्लेट, दुसऱ्याचा अॅनोड. सप्लायच्या मोठ्या डीसी व्होल्टला एक बी प्लस लिहितो, दुसरा एचटी. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच, ६बीक्यू५ आणि ईएल८४ एकच, ५एआर४ आणि जीझेड३४ एकच. जुन्या पुस्तकात हर्ट्झच्या जागी सायकल्स पर सेकंद असतं, पिकोफॅरडच्या जागी मायक्रो-मायक्रोफॅरड, त्याचं लिखाण एमएमएफ असं असतं आणि नवखा माणूस ते मिलिफॅरड समजतो. घाबरायचं काही नाही, पहिल्या पानावर पेन्सिलने एक छोटा तक्ता करून ठेवा, आठवड्याभरात सवय होते.

गणिताचं काय, हेही बरेचजण विचारतात. ओमचा नियम, दोन रेझिस्टर समांतर लावल्यावर किती होतात, आणि रेझिस्टर-कपॅसिटरची कटऑफ फ्रिक्वेन्सी, एवढं येत असेल तर नव्वद टक्के काम होतं, बाकी ग्राफवर पट्टी ठेवून. म्हणून नुसती समीकरणं ओळीने मांडलेली आहेत आणि एकाही समीकरणात खरे आकडे घालून उत्तर काढलेलं नाही असं पुस्तक सुरुवातीला नको. आणि गणित अजिबात नाही, घाबरू नका म्हणून जाहिरात करणारंही नको, कारण मग किंमत कशी निवडायची हा प्रश्न परत तिथेच येतो. सोडवलेली उदाहरणं मोजा, हा सगळ्यात सोपा निकष. कॉम्प्युटर सिम्युलेशनची चित्रं भरपूर असतील तर जरा थांबून बघा, की लेखकाने खऱ्या सर्किटवर ऑसिलोस्कोप लावून काढलेली लाटही शेजारी दाखवलीय का. बरीच साधी ट्यूब मॉडेल्स ग्रिड करंट नीट दाखवत नाहीत, आणि गिटारसाठी तर तोच मुद्द्याचा.

काही पुस्तकं नमनालाच घडाभर तेल घालतात, पहिली ऐंशी पानं व्हॅक्यूम ट्यूबचा शोध आणि रॉक संगीताचा इतिहास. तुम्हाला आवडत असेल तर वाचा, पण त्या पानांचे पैसे तुम्ही देताय हे लक्षात ठेवा. तसंच शेवटी इंडेक्स आहे का ते बघा. डिझाइनचं पुस्तक एकदा वाचून संपत नाही, रात्री अकरा वाजता सोल्डरिंग आयर्न तापलेलं असताना स्क्रीन रेझिस्टरचं पान पटकन सापडायला लागतं. आणि आवृत्ती शक्यतो शेवटची घ्या, कारण ह्या पुस्तकांत छापताना चुका राहतात, सर्किटमध्ये एखादा डायोड उलटा, एखादं शून्य जास्त. लेखकाने चुकांची यादी नंतर प्रसिद्ध केली असेल तर ती चांगली खूण समजायची, म्हणजे लोकांनी त्यावरून खरंच काहीतरी बनवलंय आणि लेखकाने ऐकून घेतलंय.

एवढं सगळं सांगून नावं सांगितली नाहीत तर अन्याय होईल, म्हणून माझ्या कपाटातली सांगतो. मर्लिन ब्लेन्को यांचं डिझायनिंग ट्यूब प्रीअँप्स फॉर गिटार अँड बेस, २००९ मध्ये आलं, वर सांगितलेली एका स्टेजची परीक्षा ते पूर्ण पास होतं. पण नावातच आहे, ते प्रीअँपचं पुस्तक आहे, पॉवर अँप त्यातून शिकायला जाऊ नका, पॉवर सप्लायवर त्यांचं वेगळं पुस्तक आहे. रिचर्ड क्यूनेल यांचं एक अख्खं पुस्तक फक्त फेंडर बेसमन ५एफ६-ए ह्या एका सर्किटवर आहे, इनपुटपासून स्पीकरपर्यंत. गणित जास्त आहे, पहिलं पुस्तक म्हणून जड जाईल, दुसरं म्हणून फार छान, कारण पुढची कितीतरी अँप ह्याच सर्किटवरून निघालीत, मार्शलचं पहिलं जेटीएम४५ सुद्धा. आणि लँगफर्ड-स्मिथ यांनी संपादित केलेलं रेडिओट्रॉन डिझायनर्स हँडबुक, १९५० च्या दशकातली चौथी आवृत्ती, जवळपास दीड हजार पानं. ते सलग वाचायचं नसतं. गिटार अँपबद्दल त्यात काही शोधू नका, पण फीडबॅक, ट्रान्सफॉर्मर, फिल्टर, कुठल्याही गोष्टीचं मूळ तिथे सापडतं. ह्याच्या जोडीला ट्यूब बनवणाऱ्या कंपन्यांची जुनी मॅन्युअल. आरसीए च्या रिसीव्हिंग ट्यूब मॅन्युअलमध्ये वेगवेगळ्या सप्लायला कुठला प्लेट रेझिस्टर, कुठला कॅथोड रेझिस्टर, किती गेन, ह्याचे तयार तक्ते आहेत, आपण काढलेलं उत्तर तिथे ताडून बघता येतं.

सुरुवातीला दोनच पुरेत, एक शिकवणारं आणि एक तक्त्यांचं. सहा घेऊन सहाही अर्धवट वाचण्यापेक्षा एकच घ्या आणि त्यातली पहिली स्टेज खरंच बनवा.

पुस्तक घरी आलं की पहिल्या आठवड्यात अँप बनवायला घेऊ नका. १२एएक्स७ ची डेटाशीट छापून घ्या, मोठ्या कागदावर, पट्टी आणि टोकदार पेन्सिल घ्या. १०० किलोओमची रेघ मारा, मग २२० ची मारा, १.५ किलोओमच्या जागी ८२० ओम घालून बघा, ट्यूब निवांत कुठे बसते ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा, आणि सिग्नल वाढवला तर लाट आधी कुठल्या बाजूने कापली जाईल ते नुसतं ग्राफकडे बघून सांगायचा प्रयत्न करा. मग ती एक स्टेज बोर्डवर जोडा, वर सांगितलेली सगळी काळजी घेऊन, आणि प्लेटवर, कॅथोडवर मीटर लावा. कागदावर २०० आले होते आणि मीटरवर १९० किंवा २१० दिसले तर ठीक आहे, ट्यूब ट्यूबमध्ये आणि रेझिस्टरमध्ये एवढा फरक असतो. २७० दिसले तर परत पुस्तक उघडा, आणि ते का दिसले असतील ह्याचं उत्तर त्या प्रकरणात शोधा. मिळालं तर त्या पानाच्या कडेला आजची तारीख आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.